ठाण्यातून निघताना हातात कोणता कागद आहे?

पोलीस ठाणे आणि वाहतुकीचे नियम यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतील बऱ्याच पत्रांत अंमलदाराच्या बोलण्याविषयी तक्रार आहे आणि त्यावर या सदराकडे औषध नाही. मात्र उरलेल्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पत्रलेखक ठाण्यातून काहीतरी कागद घेऊन परतले, पण तो कागद नेमका कशाचा आहे हे त्यांना पुढे कित्येक आठवडे कळले नाही. म्हणून या वेळी उत्तरे देताना कागदावर अधिक भर दिला आहे.

एक सूचना आधीच द्यायला हवी. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणि भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. आपल्या बोलण्यातला ‘चारशेवीस’ अजून काही पिढ्या टिकेल, पण कागदावर त्याचे कलम आता ३१८ आहे. त्यामुळे जुने कलम शोधू नये.

प्रश्न : रेल्वे स्थानकाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी असताना मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी माझा मोबाईल हिसकावून नेला. पोलीस ठाण्यात लगेच दाद मिळाली आणि शिक्क्याचा कागदही मिळाला. घरी येऊन वाचले तर त्यात ‘मोबाईल गहाळ झाला’ असे लिहिलेले होते. याने काही फरक पडतो का?
— एक नोकरदार वाचक, ठाणे जिल्हा

फार मोठा फरक पडतो. गहाळ म्हणजे हरवलेले, आणि वस्तू हरवणे हा गुन्हा नाही. त्यामुळे त्या नोंदीवरून कोणाचाही तपास सुरू होत नाही. तो दाखला नवे सिमकार्ड घ्यायला किंवा हरवलेल्या कागदपत्रांची दुय्यम प्रत काढायला उपयोगी पडतो, त्यापलीकडे त्याचे काम नाही. आपल्या बाबतीत जे घडले त्याला न्याय संहितेत स्वतंत्र कलमच आहे. कलम ३०४ प्रमाणे वस्तू अचानक किंवा बळाने हिसकावून नेणे हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येणारा, गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

ठाण्यात होणाऱ्या नोंदी ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली गहाळ वस्तूची. दुसरी अदखलपात्र गुन्ह्याची, जिला सगळे ‘एनसी’ म्हणतात. तिसरी प्रथम खबर अहवालाची, म्हणजे एफआयआरची. एफआयआरवर पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक (बोलीभाषेत गु.र.नं.), वर्ष आणि कलमे लिहिलेली असतात. हा क्रमांक नसेल तर गुन्हा दाखल झालेला नाही, मग कागदावर शिक्के कितीही असोत. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य द्यावी, असे सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच दिला आहे. त्यामुळे राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही तो पाहता येतो.

दखलपात्र गुन्हा घडल्याचे सांगण्यावरून दिसत असेल, तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ललिताकुमारी प्रकरणातील २०१३ चा निर्णय आहे. नव्या संहितेने त्यात थोडी मोकळीक ठेवली आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. आपला प्रसंग या कक्षेत बसतो. त्यामुळे ‘चौकशी चालू आहे’ असे उत्तर मिळू शकते, पण ते चौदा दिवसांपुरतेच. शिवाय चौकशी चालू असणे आणि हिसकावल्याची नोंद ‘गहाळ’ म्हणून करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता काय करावे? घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, मोटरसायकलचे वर्णन आणि मोबाईलचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक असा लेखी अर्ज त्याच ठाण्यात द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. आधीचा दाखला चुकीच्या शब्दांत आहे, हेही त्यात नोंदवावे. तरीही गुन्हा दाखल झाला नाही, तर कलम १७३(४) नुसार तक्रारीचा सारांश टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस उपायुक्तांकडे, पाठवावा. तेथेही काही घडले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, मात्र तेथे आधीच्या दोन्ही पायऱ्यांचा पुरावा मागतात. टपालाची पावती जपून ठेवावी ती यासाठी.

मोबाईलचे बिलही शोधून ठेवावे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या संहितेच्या अनुसूचीत अदखलपात्र धरली आहे. हिसकावण्याचे कलम वेगळे असल्याने आपल्याला ती अडचण येऊ नये, पण बिल जवळ असलेले बरे. दरम्यान केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर पोलीस नोंदीची प्रत जोडून तो आयएमईआय क्रमांक बंद करून घ्यावा. नवे सिम घातले तरी तो फोन मग देशातील कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही.

प्रश्न : कोल्हापूरहून पुण्याला एसटीने येताना बॅग चोरीला गेली. कोणत्या ठाण्यात जावे? सगळे जण ‘आमची हद्द नाही’ म्हणतात.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

जे ठाणे जवळ असेल तेथे जावे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर घेतली पाहिजे, असे कलम १७३ सांगते. असा गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग केला जातो. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत प्रत्यक्ष सही करावी लागते. ही सही राहून गेल्यामुळे पुढचे सगळे अडते, तेव्हा ती तारीख चुकवू नये.

प्रश्न : वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याने शिवीगाळ केली, ढकलले आणि ‘बघून घेतो’ अशी धमकी दिली. पोलिसांनी एनसी लिहून घेतली आणि ‘कोर्टात जा’ म्हणून सांगितले. मग पोलिसांचे काम काय?
— निवृत्त शिक्षक, सातारा

आपला राग समजण्यासारखा आहे, पण या वेळी अंमलदाराचे म्हणणे कायद्याला धरून आहे. साधी दुखापत, अपमान आणि साधी धमकी हे अदखलपात्र गुन्हे आहेत. कलम १७४ प्रमाणे त्यांचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करताच येत नाही. अशा नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची तरतूद नव्या संहितेत आली आहे, त्यामुळे आपली एनसी कपाटात पडून राहते असेही नाही.

त्याहून उपयोगाचा मार्ग वेगळा आहे. शांतताभंगाची भीती असेल तर कलम १२६ खाली प्रतिबंधक कारवाई होऊ शकते. ठाण्यात हिला आजही ‘चॅप्टर केस’ म्हणतात. त्यात समोरच्याकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचे बंधपत्र घेता येते. एकाच एनसीवर ही कारवाई सहसा होत नाही. त्याच माणसाविरुद्ध तारखांसह दोन-तीन नोंदी असल्या की प्रस्तावाला वजन येते. म्हणून प्रत्येक वेळी एनसीची प्रत घ्यावी आणि प्रतिबंधक कारवाईची मागणी स्वतंत्र अर्जाने करावी. दुखापत झाली असेल तर सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. हाड मोडले असल्यास गुन्ह्याचे स्वरूपच बदलते आणि तो दखलपात्र होतो.

प्रश्न : सोसायटीतील एका प्रकरणात साक्षीदार म्हणून माझ्या ६८ वर्षांच्या आईला ठाण्यात बोलावले आहे. जावेच लागेल का?
— एक वाचक, नवी मुंबई

नाही. सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार स्त्रीला, तसेच १५ वर्षांखालील व ६० वर्षांवरील पुरुषाला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला साक्षीसाठी राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा, असे नम्रपणे लेखी कळवावे. आईंची स्वतःची इच्छा असेल तर त्या ठाण्यात जाऊ शकतात. मात्र हातात आलेली नोटीस साक्षीदाराची आहे की कलम ३५(३) ची, हे आधी पाहून घ्यावे. दुसऱ्या प्रकारची नोटीस जिच्यावर संशय किंवा आरोप आहे त्या व्यक्तीला दिली जाते आणि ती टाळल्यास अटक होऊ शकते. त्या वेळी मात्र वकिलाचा सल्ला घेऊन हजर राहावे.

प्रश्न : माझी मोटार वर्षभर नागपूरबाहेर गेलेली नाही, तरी मुंबईतील सिग्नल तोडल्याचे ई-चलन आले. भरून टाकू का? रक्कम किरकोळ आहे.
— एक व्यापारी, नागपूर

भरू नये, निदान लगेच तरी नाही. ई-चलनाची रक्कम म्हणजे तडजोड शुल्क असते. ते भरले की आपण गुन्हा मान्य करून प्रकरण मिटवले, असा अर्थ होतो. रक्कम किरकोळ असली तरी आपल्या क्रमांकाची पाटी लावून दुसरी गाडी मुंबईत फिरत असेल, तर आज सिग्नल तोडणारी ती गाडी उद्या एखाद्या अपघातात किंवा त्याहून गंभीर प्रकरणात सापडू शकते. त्या वेळी पोलीस आपल्याच दारी येतील, आणि आपण आधीची चलने निमूटपणे भरली आहेत हे आपल्याविरुद्ध जाईल.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक घातले की चलनासोबतचे छायाचित्र दिसते. ते नीट पाहावे. बऱ्याचदा पाटीवरचा ‘८’ हा ‘३’ वाचला गेलेला असतो, किंवा छायाचित्रात भलत्याच रंगाची गाडी असते. तेथेच तक्रार नोंदवण्याची सोय आहे. आपल्या गाडीची चारही बाजूंची छायाचित्रे, त्या दिवशीचा फास्टॅगचा तपशील, पेट्रोलची पावती, कार्यालयातील वाहनतळाची नोंद, यांपैकी जे असेल ते जोडावे. छायाचित्रातील पाटी हुबेहूब आपल्याच क्रमांकाची असेल, तर बनावट पाटीबाबत आपल्या जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच चलनाच्या तक्रारीला जोडावी.

कॅमेऱ्याने पकडलेल्या उल्लंघनासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७-अ हा नियम २०२१ मध्ये आला. त्यात गुन्ह्याचे छायाचित्र, ठिकाण, दिवस-वेळ आणि मोडलेले कलम ही माहिती नोटिशीत असावी आणि नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत निघावी, असे म्हटले आहे. वर्ष-दीड वर्षाने एकदम दहा चलने दिसली, अशी पत्रेही आली आहेत. त्या वाचकांनी हरकत घेताना हा नियम नमूद करावा. तक्रार फेटाळली गेली तर न्यायालयात म्हणणे मांडण्याचा हक्क उरतोच. लोकअदालतीची नोटीस आली म्हणून घाबरू नये. लोकअदालत तडजोडीसाठी असते आणि तडजोड नको असेल तर तसे सांगता येते.

येथे जरा विषयांतर करतो. व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलन’ म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर ती कदापि उघडू नये. कोणताही वाहतूक विभाग चलन एपीके फाइलने पाठवत नाही. फाइल उघडली गेली आणि खात्यातून पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० या सायबर मदत क्रमांकावर करावा, बँकेला आणि पोलीस ठाण्याला त्यानंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे येथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी स्कूटर विकली. त्या वेळी सह्या करून सर्व कागद खरेदीदाराला दिले होते. आता तिची चलने माझ्या मोबाईलवर येतात.
— एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

आपण सह्या केल्या, पण हस्तांतर झालेले नाही. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. विक्रीनंतर चौदा दिवसांत विकणाऱ्याने आणि तीस दिवसांत घेणाऱ्याने परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कलम ५० सांगते. नमुना २९ आणि ३० हे त्यासाठीच असतात. ‘तो करून घेईल’ या भरवशावर कोऱ्या अर्जांवर सह्या देण्याची आपल्याकडची रीत वाईट आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी पुढे किती हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. म्हणजे चलने हा आपल्या अडचणीचा लहान भाग आहे. विमा संपलेली ती स्कूटर कोणाला धडकली, तर दावा आपल्यावर येईल.

विक्रीची पावती, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि पैसे मिळाल्याची बँकनोंद घेऊन परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, खरेदीदाराला नोंदणीकृत डाकेने नोटीस पाठवावी आणि दोन्हींच्या प्रती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. खरेदीदार सापडत असेल तर सरळ त्याला घेऊन परिवहन कार्यालय गाठणे हा सर्वांत लवकरचा उपाय आहे.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. क्लास दोन किलोमीटरवर आहे, गल्लीबोळातूनच जातो. स्कूटर दिली तर चालेल का?
— एक पालक, अकोला

चालणार नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा, आणि तशी पेट्रोलची स्कूटर आज दुकानात जवळपास मिळतच नाही. बाकी कोणत्याही दुचाकीसाठी अठरा वर्षे पूर्ण हवीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा या कलमाची राज्यभर चर्चा झाली. आपले गल्लीबोळ लहान असले तरी कायदा गल्ली मोजत नाही. फार तर ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतील, कमी शक्तीची विजेवरची दुचाकी, जी मोटार वाहनाच्या व्याख्येतच येत नाही, तिचा विचार करावा, पण विक्रेत्याकडून तसे प्रमाणपत्र मागून घ्यावे. वेगमर्यादा काढून दिलेल्या गाड्या सर्रास विकल्या जातात. सायकल आहेच.

प्रश्न : वाहतूक पोलिसाने मोबाईलमधला परवाना ‘चालत नाही’ म्हणून सांगितले आणि गाडीची किल्ली काढून घेतली. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, सोलापूर

दोन्ही गोष्टी चूक. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधील परवाना आणि नोंदणी प्रमाणपत्र २०१८ पासून नियमानेच ग्राह्य आहे. गॅलरीत ठेवलेले छायाचित्र मात्र ग्राह्य नाही, आणि वाद बहुधा तेथेच होतो. कागद त्या क्षणी जवळ नसतील, तर पंधरा दिवसांत सादर करण्याची मुभा नियम १३९ मध्ये आहे. किल्ली काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा देत नाही. परवाना नसणे, नोंदणी नसणे अशा ठरावीक कारणांसाठी कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते, पण ती वेगळी कारवाई आहे आणि तिचाही कागद मिळायला हवा.

गणवेशातील पोलिसाने इशारा केला तर थांबणे आणि परवाना दाखवणे हे आपले कर्तव्य आहे, हेही याच पत्राच्या उत्तरात सांगितले पाहिजे. रस्त्यावर हुज्जत घालू नये. नाव आणि बक्कल क्रमांक पाहून ठेवावा आणि नंतर वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी.

प्रश्न : मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे का? लहान मुलांचे काय?
— एक वाचक, रत्नागिरी

हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला, चालवणारा असो वा मागे बसणारा. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीला त्यातून सूट आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी सुरक्षा पट्टा व हेल्मेट सक्तीचे असून, मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. दंडापेक्षा परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो, हे अधिक जाचक आहे.

प्रश्न : महामार्गावर जखमी माणूस पाहूनही पोलिसांच्या फेऱ्यात अडकू या भीतीने थांबलो नाही. तेव्हापासून मन खाते आहे. थांबलो असतो तर काय झाले असते?
— एक ट्रकचालक, धुळे

आपल्याला कोणी अडकवू शकले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यावर निर्देश दिले, पुढे २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ मोटार वाहन कायद्यातच आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालय त्याला थांबवून ठेवू शकत नाही किंवा त्याच्याकडे पैसे मागू शकत नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचे ठरवले, तर जबाब त्याच्या सोयीच्या ठिकाणी घेता येतो. खर्चाची भीतीही आता कमी झाली आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतात. धडक देऊन वाहन पळून गेले असेल तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठीही पोलीस नोंद लागते, म्हणून पाहणाऱ्याने ११२ वर केलेला एक फोन त्या कुटुंबाच्या कामी येतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक ट्रकच्या केबिनमध्ये लिहून ठेवावेत.

प्रश्न : रात्री साडेअकरापर्यंत डीजे चालतो. तक्रार केली तर मंडळाला आमचे नाव कळते आणि वैर येते.
— एक ज्येष्ठ नागरिक, सांगली

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक बंद असला पाहिजे. ठरावीक सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. दिवस कोणते, याची यादी दरवर्षी जाहीर होते, ती जवळ ठेवावी. दिवसासुद्धा निवासी भागात ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री ४५. तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना एकाहून अधिक वेळा बजावले आहे. ११२ वर फोन करताना ‘माझे नाव गुप्त ठेवा’ असे स्पष्ट सांगावे आणि फोनची वेळ वहीत लिहून ठेवावी. गाडी आली, आवाज कमी झाला आणि ती जाताच पुन्हा वाढला, तर पुन्हा फोन करावा. प्रत्येक फोनची स्वतंत्र नोंद होते, आणि सकाळी ठाण्यात लेखी अर्ज देताना त्या वेळा कामाला येतात.